हॉस्टेलची बॅग भरण्याआधी

(कम्युनिटी रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात झालेलं हे बोलणं, थोडंफार आवरून इथे छापत आहोत.)

मी टिटवाळ्याहून बोलतेय. बारावीचा निकाल लागला की आमच्या गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, वही सगळं बाजूला पडतं आणि एकच विषय सुरू होतो. कुणाच्या पोराला कुठं मिळालं? लांब मिळालं असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, हॉस्टेलला राहील का गं तो?

आपल्या पट्ट्यातली बहुतेक मुलं लोकलनं जाऊन-येऊन शिकतात. सकाळची गाडी धरायची, कल्याण, उल्हासनगर नाहीतर ठाणे गाठायचं आणि संध्याकाळी परत. खडवली, वासिंद, आसनगाव सगळीकडे हेच. मूल अठरा वर्षांचं होतं, गर्दीत लटकून प्रवास करतं, म्हणून आपल्याला वाटतं की ते जगाला तयार झालं. पण रात्रीचं ताट आपणच वाढलेलं असतं, बनियन आपणच धुतलेला असतो आणि ताप आला की डोक्यावर पट्टीही आपणच ठेवतो. ते प्रवासाला तयार झालेलं असतं, एकटं राहायला नाही. मला हे फार महाग पडून कळलं, म्हणून आज बोलायला बसले.

माझा थोरला मुलगा इंजिनिअरिंगला दुसऱ्या जिल्ह्यात गेला. आम्ही काय कमी तयारी केली होती? नवी ट्रंक, गादी, दोन चादरी, लाडू-चिवड्याचे डबे, बादली, कुलूप, मच्छरदाणी. गटातून पंधरा हजारांचं कर्जही काढलं. निघताना देवळात जाऊन आलो. विसाव्या दिवशी पहाटे पाच वाजता दार वाजलं, बघते तर हा बॅग घेऊन उभा. म्हणाला, बरं नाही. डॉक्टरकडे नेलं, आजार काही निघाला नाही. बॅग उघडली तर सगळे कपडे न धुतलेले, वास मारणारे. हातात दिलेले पैसे दहा दिवसांतच संपलेले. त्याचे वडील चिडले, मी रडले, शेजारणीनं कुणाची तरी नजर लागली म्हणून सांगितलं. तो परत गेला नाही. वर्ष गेलं. प्रवेश रद्द करताना फी परत मिळण्याचे नियम असतात, पण त्यांना मुदत असते. ते आम्हाला उशिरा समजलं, तोवर हातात फारसं काही आलं नाही. गटाचं कर्ज मात्र मी सव्वा वर्ष फेडत होते.

पुढे त्यानं आयटीआय केलं, आता बरं कमावतो. बऱ्याच वर्षांनी एकदा चहा पिताना आपणहून म्हणाला, "आई, मला तिथं कुणी त्रास दिला नव्हता. मला काहीच येत नव्हतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी खोलीच्या बाहेरच पडत नव्हतो." मेसमध्ये ताट घेऊन कुठं बसायचं हेही त्याला समजेना, म्हणून तो बिस्किटं खाऊन राहिला होता. हे ऐकल्यावर मला लाडवांच्या डब्याची लाज वाटली.

धाकटी मुलगी बारावीला आली तेव्हा तिच्या मनात शेतकी कॉलेज होतं. दापोलीला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२ साली झालेलं. तिथं नंबर लागला तर चार वर्षं हॉस्टेलला राहायचं होतं. इथून कोकण रेल्वेनं खेडपर्यंत आणि पुढे एसटीनं दापोली. पोरगी शनिवारी-रविवारी येऊन-जाऊन करेल असं ते अंतर नाही. यावेळी आम्ही ट्रंक शेवटी घ्यायची असं ठरवलं.

सुरुवात पैशापासून केली. अकरावीपासून तिच्या हातात महिन्याची ठरावीक रक्कम द्यायला लागलो. पास, वही-पेन, मोबाईलचा रिचार्ज, साबण-शॅम्पू, पॅड, सगळं त्यातूनच. संपले तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं. पहिल्या महिन्यात चौदा तारखेला पैसे संपले, आणि मी मन घट्ट करून दिले नाहीत. तिचे बाबा गुपचूप शंभर रुपये द्यायला निघाले होते, त्यांना अडवावं लागलं. तिसऱ्या महिन्यापासून ती गटासारखी वहीत लिहायला लागली. तिच्या नावानं बँकेत खातं काढलं, आधार जोडून घेतलं, एटीएममधून पैसे काढायला तिलाच पाठवलं. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, फोन करणारा कॉलेजातून बोलतोय म्हणाला तरी सांगायचा नाही, हे घोकून घेतलं. नव्या गावात आलेली मुलं फसवणाऱ्यांना बरोबर सापडतात. पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० नंबरला फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आता स्वयंपाक. तुम्ही म्हणाल, मेस असते की. असते, पण रविवारी रात्री बऱ्याच ठिकाणी बंद असते, आणि आजारपणात मेसचं तिखट खाववत नाही. खिचडी, पेज, पोहे, वरण-भात एवढं आलं तरी पुष्कळ. काही हॉस्टेलांत खोलीत शेगडी किंवा हीटर चालत नाही, म्हणून नियम आधी विचारून घ्या, नाहीतर दंड बसतो. आणि बायांनो, हे मुलग्यांनाही शिकवा. मुलीला आपण निदान भांडं घासायला तरी लावलेलं असतं, मुलगा मात्र पाण्याचा ग्लासही जागेवर मागतो. माझ्या घरी वर्ष बुडालं ते मुलाचं, मुलीचं नाही. ही काही योगायोगाची गोष्ट नव्हती.

कपड्यांचं सांगते, कारण कोकणात पोरं याच्यातच हरतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथं काही वाळत नाही. जाड जीन्स चार दिवस ओली राहते, मग अंगाला खाज आणि बुरशी. पातळ, लवकर वाळणारे कपडे द्या. आतले कपडे जास्तीचे द्या, आणि ओले घालायचे नाहीत हे स्पष्ट सांगा. कपडे रोजचे रोज धुवायचे, आठवड्याचा ढीग साठवायचा नाही. बारावीची परीक्षा संपल्यावर दोन महिने तिचे कपडे आणि चादर तिनंच धुतली. दोन ओढण्यांना दुसऱ्या कपड्याचा रंग लागला. ओढण्या गेल्या, पण धडा इथंच झाला.

खोलीतल्या मैत्रिणींचा प्रश्न सगळ्यात नाजूक. आपल्याकडे दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की पोरांना जुळवून घेता येतं. पण घरात ती ज्यांच्याशी भांडतात ती आपली माणसं असतात, रुसली तरी रात्री जेवायला बोलावतात. तिथं अनोळखी मुलगी रात्री दोनपर्यंत दिवा लावून बसते, न विचारता तेल वापरते, फोनवर मोठ्यानं बोलते. आपल्या मुलीला एक तर गप्प बसायची सवय असते, नाहीतर एकदम फटकन तोडून बोलायची. मधलं बोलणं शिकवावं लागतं. "मला सकाळी लवकर उठायचंय, अकरानंतर दिवा बंद करशील का?" एवढं वाक्य शांतपणे बोलता येणं ही मोठी विद्या आहे. आम्ही घरात त्याचं चक्क नाटक केलं. भाऊ खोलीतली मैत्रीण झाला होता. हसून हसून पुरेवाट झाली, पण तिला ते उपयोगी पडलं.

आणि एक अवघड गोष्ट. खोलीत वेगळ्या जातीची, वेगळ्या धर्माची, वेगळं खाणारी मुलगी येणार. घरात आपण काय बोलतो ते मूल तिथं घेऊन जातं. आपल्याकडे काही वसतिगृहं तर मुळात हे मोडायलाच निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. वेगवेगळ्या जातींची पोरं तिथं एका चुलीवर शिजवून एका पंगतीत जेवत. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट! भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांसाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. शंभर वर्षांनी आपलं लेकरू हॉस्टेलला जाताना त्याला "कुणाच्या ताटातलं खाऊ नको" असं सांगून पाठवायचं, हे मला तरी पटत नाही.

आता उलट बाजू. आपल्या मुलांना तिथं जातीवरून, बोलीवरून, कपड्यांवरून कुणी हिणवलं तर? मे २०१९ मध्ये मुंबईत नायर हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर डॉ. पायल तडवीनं जीव दिला. जळगावकडची आदिवासी तडवी समाजातली मुलगी, डॉक्टर झालेली, पुढचं शिक्षण घेत होती. वरच्या वर्गातल्या तिघींनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेलं. आपण आधीच तक्रार केली होती, पण कुणी दखल घेतली नाही, असं तिच्या आईनं सांगितलं. ही बातमी वाचली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. एवढी शिकलेली पोर, आणि तिची आईही गप्प बसली नव्हती.

म्हणून हे नीट ऐका. आपल्या महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा सिद्ध झाला तर कॉलेजातून काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते. पण तक्रार तोंडी केली तर ती हवेत जाते. अर्ज लिहायचा, दोन प्रती काढायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्यायची. आपण गटाचं पत्र बँकेत देतो तसंच. व्हॉट्सअपवरचे मेसेज पुसायचे नाहीत, फोटो काढून घरी पाठवायचे. देशभराची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२, ती चोवीस तास चालते. पुन्हा सांगते, लिहून घ्या, १८००-१८०-५५२२. मुलींशी लैंगिक छेडछाड झाली तर त्याची चौकशी करायला प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती असावी लागते, तसा २०१३ चा कायदा आहे. तिथल्या बाईंचं नाव आणि नंबर पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवायचा. घरी ही हिंमत द्यायची की काहीही झालं तरी आम्ही आधी तुझं ऐकू. "तूच काही केलं असशील" हे वाक्य मुलीनं एकदा ऐकलं की पुढचं काही ती सांगत नाही.

मुलीला हॉस्टेलला पाठवताना आपण तिला भीतीची पोतडी बांधून देतो. याच्याशी बोलू नको, तिकडे जाऊ नको, सातच्या आत खोलीत. भीती खोटी असते असं मी म्हणत नाही. पण नुसतं घाबरलेलं मूल वेळेला फोनही करत नाही. त्यापेक्षा कामाची माहिती द्या. संकटात ११२, बायकांसाठी १८१. रेक्टर बाईंचा नंबर फोनमध्ये आणि कागदावरही, कारण फोनच चोरीला गेला तर? आम्ही दापोलीला सोडायला गेलो तेव्हा गेटवरच्या वॉचमनला विचारलं, रात्री आजारी पडलं तर गाडी कोण बोलावतं? रेक्टर बाईंना विचारलं, जवळचा दवाखाना कुठला, मजल्यावर रात्री कोण असतं, बाहेरची माणसं आत येतात का? माझे बोलणं गावठी म्हणून मुलगी जरा संकोचली होती. पण त्या बाईंनी सगळी उत्तरं नीट दिली. विचारायला लाजायचं नाही.

औषधांची छोटी डबी द्या. तापाची गोळी, जलसंजीवनीच्या पुड्या, पट्टी, मलम. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, रक्तगट कोणता, हे कागदावर लिहून डबीतच ठेवा. शहापूर-मुरबाडकडच्या बायांनो, घरात कुणाला सिकलसेल असेल तर मुलाची तपासणी आधी करून घ्या आणि सिकलसेलचं कार्ड त्याच्या बॅगेत ठेवा. अनोळखी डॉक्टरला ते कार्ड दाखवता आलं पाहिजे.

कागदांचं तर मी काय सांगू! प्रवेशाच्या वेळी धावपळ होते ती यामुळेच. जातीच्या दाखल्याची पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, तिचा अर्ज अकरावी-बारावीतच करा, तिला वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, लागत असेल तर नॉन क्रिमीलेयर, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, सगळ्यांच्या चार-चार झेरॉक्स. मूळ कागद जमा करावे लागले तर पोच घ्या. हॉस्टेलची अनामत रक्कम भरली की ती पावती सांभाळा, चार वर्षांनी तीच दाखवावी लागते.

पैशाच्या योजनांबद्दल खूप गैरसमज आहेत. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घटकांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. "मुलींना सगळं फुकट" असं ऐकून आमच्या गटातली एक जण पैशाची काहीच जुळवाजुळव न करता बसली. फी माफ होते गं, मेस आणि खोली नाही! त्यासाठी आधी शासकीय वसतिगृहात अर्ज करायचा. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. राहणं, जेवण आणि किरकोळ खर्चाचे पैसे थेट मुलाच्या आधार जोडलेल्या खात्यात येतात. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत स्वाधारची रक्कम वर्षाला साठ हजारांपर्यंत आहे, लहान गावांत कमी. अटी आणि तारखा त्या त्या वर्षी विचारून घ्या. आदिवासी मुलांसाठी शहापूरचं प्रकल्प कार्यालय आहे, बाकीच्यांनी ठाण्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. पण हे पैसे हप्त्यानं येतात, म्हणून पहिल्या दोन महिन्यांचा खर्च या पैशांच्या भरवशावर ठेवू नका.

आता पहिले तीन आठवडे. माझा थोरला परत आला तो याच दिवसांत. या दिवसांत बहुतेक मुलं रडतात, मुलगे बाथरूममध्ये रडतात एवढाच फरक. धाकटीनं पाचव्या दिवशी फोन केला, "आई, मला न्यायला ये." माझ्या पोटात गोळा आला. आधीच्या वेळी मी घाबरून दिवसातून सात-आठ वेळा फोन करायचे आणि प्रत्येक वेळी जेवलास का एवढंच विचारायचे. त्यानं तो आणखी हळवा व्हायचा. या वेळी आम्ही ठरवलं होतं की रात्री साडेआठला एकच फोन. मी तिला म्हटलं, "येईन, पण महिना पूर्ण होऊ दे. आज कुणाशी बोललीस ते सांग." ती म्हणाली, कुणाशीच नाही. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये निदान एकीला नाव विचारायचं, एवढंच काम दिलं. तिनं चंदगडच्या एका मुलीला विचारलं. ती पण रडतच होती म्हणे.

पण सगळंच रडणं सारखं नसतं. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप नाही, जेवण नाही, वर्गात जात नाही, फोन उचलत नाही, "माझा काही उपयोग नाही" असं बोलणं सुरू झालं, तर थांबायचं नाही. गाडी पकडून जायचं. रागावायला नाही, भेटायला. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आईबापांनाही फोन करता येतो. आणि सगळं करूनही मुलाला नाहीच राहायचं असं झालं, तर वर्ष बुडालं तरी पोर हातात आहे, हे घरातल्या मोठ्यांनी एकमेकांना सांगायचं. माझ्या मुलाला आम्ही दोन वर्षं "पळून आला" म्हणून बोललो. ते बोलायला नको होतं. त्याची माफी मी मागितली आहे, आज रेडिओवरही मागते.

आपलं स्वतःचंही होतं ना काही! तिला सोडून खेडहून गाडीत बसलो तेव्हा तिचे बाबा पनवेलपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मला पंधरा दिवस भाकरीचा अंदाज येईना, रोज दोन उरायच्या. मग गटातल्याच दोघीजणी संध्याकाळी येऊन बसायला लागल्या. त्यांची मुलं पुढच्या वर्षी जाणार होती, त्या विचारायच्या आणि मी सांगायचे. हे बोलणं तिथंच तयार झालं.

गणपतीला ती पहिल्यांदा घरी आली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तर खेडऐवजी सरळ एसटीनंच आली, एकटी. आल्या आल्या कपडे धुवायला टाकले नाहीत, स्वतः घेऊन बसली. मी म्हटलं, राहू दे गं, आज मी धुते. तर म्हणाली, "दोन दिवसांसाठी सवय मोडू नको माझी." मग पदर खोचून आम्ही दोघी मोदकाची उकड काढायला बसलो.